सिनेमातल्या रोलसाठी माणूस नेमका निवडतं कोण?

कोलशेतकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. या क्षेत्रातली काही माणसं इथे वावरतात हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय.

माझा एक मित्र आहे, ठाण्यातलाच. कॉलेजात एकांकिका, पुढे राज्य नाट्य स्पर्धा, तिथे अभिनयाचं रौप्यपदक. गडकरी रंगायतनला त्याचा प्रयोग असला की आमची अख्खी गँग हजर. दिवसा बँकेत नोकरी, आणि जमेल तशा सिनेमा-मालिकांच्या ऑडिशन. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षाने आराम नगर, जिथे कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आजवर मिळालं काय? हवालदार. दुसऱ्या सिनेमात पुन्हा हवालदार. मालिकेत बारशाला आलेले काका. आणि एका वेब सिरीजमध्ये मृतदेहाची ओळख पटवणारा भाऊ. संवाद: "होय, हाच."

परवा एक मराठी सिनेमा पाहिला. नाव घेत नाही. त्यात चेंदणी कोळीवाड्यातला म्हणून जो नट उभा केलाय, त्याच्या तोंडची भाषा ऐकून माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या कोळी मावशी मध्यंतरात घरी गेल्या. आता मला सांगा, हे ठरवतं कोण? ऑडिशन खरंच होतात, की नाव आधीच पक्कं असतं आणि बाकीच्यांना नुसतं उन्हात उभं करतात?

चरईचा चिंटू

वशिला. धागा संपला, आवरा आता.

निशिगंधा

चिंटू, तू प्रत्येक धाग्यावर हेच लिहितोस, विषय पाणीपुरवठ्याचा असला तरी.

मला उलट वाटतं. आमच्या वाशीच्या ग्रुपमधल्या एका मुलीला कुणाचीही ओळख नसताना चांगला रोल मिळाला. मोबाईलवर सीन शूट करून पाठवला, दुसऱ्यांदा बोलावलं, झालं. त्यामुळे "सगळं आधीच ठरलेलं असतं" हे पूर्ण खरं नसावं. पण तिलाच का घेतलं, हे तिलाही सांगता येत नाही.

पडद्यामागचा

काही वर्षं कास्टिंगमध्ये सहायक होतो. आता नवी मुंबईत वेगळाच धंदा करतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

धागाकर्त्याच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. सिनेमातले वरचे दोन-तीन रोल आणि उरलेले रोल यांची निवड एका पद्धतीने होतच नाही. वरची नावं निर्माता, दिग्दर्शक आणि पैसा लावणारे मिळून ठरवतात, आणि बऱ्याचदा पैसा उभा राहतो तोच त्या नावांवर. तिथे ऑडिशनचा प्रश्न नसतो. कोळीवाड्याचा नायक कोळी बोलतो का, हा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारलाच नसेल. विचारला असेल तर "भाषेचा कोच ठेवू" एवढ्यावर मिटला असेल. आणि मग कोच बजेटमधून कापला गेला असेल.

कास्टिंगवाल्यांचं खरं काम त्याच्या खाली सुरू होतं. संहिता आली की आम्ही ब्रेकडाऊन करतो: पात्र किती, कुणाचे किती दिवस, कुणाचा कुणाशी सीन. प्रत्येक पात्राचा ब्रीफ लिहायचा आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर सोडायचा. "हवालदार, वय 40 ते 50, थकलेला चेहरा, मराठी स्वच्छ, एक दिवस, लोकेशन ठाणे." तासाभरात फोटोंचा पाऊस.

पहिली चाळणी फोटोवर. इथे अभिनयाचा काडीचाही संबंध नाही. तुमच्या मित्राला कुणीतरी एकदा हवालदार म्हणून उभं केलं, तो चांगला दिसला, आणि आमच्या फोल्डरमध्ये त्याचा फोटो त्या नावाखाली जाऊन बसला. पुढच्या वेळी हवालदार लागला की घाईत तेच फोल्डर उघडतं. ती आमची सोय असते, त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. पण त्या सोयीत एखाद्या नटाचं अर्धं आयुष्य जातं, हेही तितकंच खरं.

दुसरी चाळणी सेल्फ टेप, म्हणजे नटाने स्वतः शूट करून पाठवलेला सीन, किंवा प्रत्यक्ष ऑडिशन. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, कुठे राहता, डावीकडून, उजवीकडून. मग सीन. एकच सीन सकाळपासून वेगवेगळ्या तोंडांतून ऐकल्यावर संवाद कानात शिरतच नाहीत, खरं सांगतो. तेव्हा लक्ष जातं ते समोरचा क्यू (आधीचा संवाद) देत असताना ऐकणाऱ्या माणसाकडे. बहुतेक जण स्वतःची पाळी येण्याची वाट बघत असतात. जो खरंच ऐकतो, त्याचा चेहरा वेगळा चालतो.

स्पर्धेतून आलेल्या नटांना आम्ही सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं वाक्य: "सर, जरा कमी." गडकरीच्या शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी घडवलेला आवाज आणि भुवया कॅमेऱ्याला दोन हातांवरून झेपत नाहीत. कमी करता येणं हे वेगळं कसब आहे. काहींना ते दुसऱ्या टेकला जमतं. त्यांना मी कधी सोडलं नाही.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. माणूस एकटा निवडला जात नाही, त्याचं कुटुंब निवडलं जातं. बापाचा रोल कुणी नामवंत करत असेल तर त्याच्याशी जुळणारा मुलगा, त्या मुलाशी जुळणारी बहीण. ऑफिसच्या भिंतीवर फोटो चिकटवून दिग्दर्शक त्यांच्यापुढे तास तास उभा असतो. उत्तम टेप दिलेली मुलगी केवळ आईच्या रोलमधली बाई बदलली म्हणून गेलेली मी पाहिली आहे. तिला आम्ही काय सांगणार? "नॉट फिट." दोन शब्द. ती घरी जाऊन आपल्या अभिनयात काय चुकलं याचा विचार करत बसते, आणि चुकलेलं काहीच नसतं.

उरल्या डेट्स आणि पैसे. त्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहा, माझी बोटं दुखली.

जुना पडदा

डेट्सवर मी लिहितो, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं उदाहरण तिथलंच आहे. 'शोले'तला गब्बर आधी डॅनी करणार होता. त्याच्या तारखा फिरोज खानच्या 'धर्मात्मा'ला दिलेल्या, ते युनिट अफगाणिस्तानात. म्हणून तो सुटला आणि रंगभूमीवरचा फारसा कुणाला ठाऊक नसलेला अमजद खान आला. आज आपण म्हणतो, दुसरा कुणी गब्बर होऊच शकला नसता. 1975 च्या आधी हे कुणालाही वाटत नव्हतं.

आणि वशिल्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या पहिल्या कास्टिंगची गोष्ट ऐका. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. फाळक्यांनी वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, तारामतीसाठी बाई काही मिळेना. कुणी तयारच नव्हतं, अगदी कोठ्यांवर जाऊन विचारलं तरी. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत अण्णा साळुंके दिसले, नाजूक बांधा, हात बारीक. पगार महिना 10 रुपये होता, फाळक्यांनी 15 देऊ केले. झाली तारामती! रोहिदास म्हणून घरचाच मुलगा, भालचंद्र. म्हणजे पहिल्याच सिनेमात खानावळीतला माणूसही आहे आणि घराणेशाहीही आहे. चिंटूला दोन्ही बाजूंनी पुरावा.

हेच साळुंके 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले.

चरईचा चिंटू

भालचंद्र फाळके नेपो किड. हे माझ्या स्टेटसला जाणार.

मेधा_ठाणे

फाळक्यांनी बाई मिळेना म्हणून पुरुष घेतला हे सगळे सांगतात. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या, हे कुणी सांगत नाही. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. नाटकात काम करणाऱ्या बाईला समाज आधीच नावं ठेवत होता, म्हणून त्यांना पडद्याची भीती उरली नव्हती, असा माझा तर्क. म्हणजे निवड करणाऱ्यालाही मोकळं मैदान नसतं. समोर यायला कोण धजतं, यावरच अर्धं कास्टिंग ठरतं.

कोळीवाड्याच्या नटाबद्दल मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूने. ज्याची भाषा, त्याचा माणूस घ्यावा. इतकं साधं आहे.

जुना पडदा

मेधाताई, इतकं साधं असतं तर 'सारांश' झाला नसता. निवृत्त मराठी मास्तर प्रधान, आणि तो केला कुणी? सिमल्याहून आलेल्या काश्मिरी अनुपम खेरने, वय 28! मध्येच त्याच्या जागी संजीव कुमारला घ्यायचं ठरलं होतं. खेर सामान बांधून निघाला, जाता जाता महेश भट्टला जाऊन वाट्टेल ते बोलला, आणि त्या संतापावरच भट्टने रोल त्याला परत दिला. हा किस्सा खेरने स्वतः ढिगाने वेळा सांगितलाय. म्हातारी बायको रोहिणी हट्टंगडी, त्याही तेव्हा तरुणच. एक परका, एक मराठी, आणि त्यांचं घर पूर्ण मराठी वाटतं.

रोहिणीताईंवरून आठवलं. 'गांधी'साठी भारतातलं कास्टिंग डॉली ठाकोर यांनी केलं. कस्तुरबांच्या चाचणीसाठी लंडनला गेलेल्यांत स्मिता पाटील आणि भक्ती बर्वेही होत्या. तिघींपैकी कुणीही शोभली असती. रोल रोहिणीताईंना मिळाला आणि त्यावर बाफ्टा आलं. उरलेल्या दोघी कमी होत्या असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

मेधा_ठाणे

खेरांचा किस्सा मान्य. पण जुनेपडदे, एक बघा. काश्मिरी माणूस मराठी मास्तर होतो ते आपण कौतुकाने सांगतो. कोळी मुलगा काश्मिरी डॉक्टर झाल्याचं उदाहरण द्या. त्याला फोटोच्या चाळणीतच मासेमारीच्या फोल्डरमध्ये टाकतात. माझा आक्षेप त्या एकाच दिशेने चालणाऱ्या रस्त्याला आहे.

पडद्यामागचा

मेधाताई, हा मुद्दा आम्हाला ऑफिसमध्ये कुणी ऐकवला असता तर बरं झालं असतं. खरं आहे.

पळसधरी लोकल

'फँड्री' आणि 'सैराट'चा उल्लेख अजून कसा नाही? सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केम गावात हलगी वाजवताना नागराज मंजुळेंना दिसला. पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार. रिंकू राजगुरू अकलूजची, आकाश ठोसर तालमीतला पैलवान. त्यांच्याकडे ना फोल्डर होतं ना सेल्फ टेप. मग हे आराम नगर हवंय कशाला?

एपिसोड नंबर अमुक

कारण मंजुळे आपल्याच मुलखातला सिनेमा करत होते आणि शोधायला वेळ काढत होते. दिग्दर्शकाला पात्र डोळ्यांसमोर दिसत असेल तर तो केमला जातो, नसेल दिसत तर ग्रुपवर ब्रीफ टाकतो.

शिवाय 'फँड्री'त जब्याचा, म्हणजे सोमनाथच्या पात्राचा, बाप किशोर कदम आहेत, रंगभूमीवर मुरलेले. 'कोर्ट' बघा, चैतन्य ताम्हाणेंचा. लोकशाहीर नारायण कांबळे केला वीरा साथीदार यांनी, ते स्वतः नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. त्यांच्यासमोर सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, एनएसडीत (राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) शिकलेल्या. नवखा माणूस जे आणतो ते नटाला आणता येत नाही, आणि सीनचा तोल सांभाळायला समोर नट लागतो. हे मिश्रण जुळवणं हीच कास्टिंगमधली मला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट. नुसतं "गावातला पोरगा घेतला" म्हणून सिनेमा अस्सल होत नाही. तसे पडलेले सिनेमेही कमी नाहीत, फक्त ते कुणी आठवत नाही.

मी मालिकांमध्ये आहे. घोडबंदर रोडला सेट, म्हणून घरही तिकडेच घेतलं. मालिकेचं गणित वेगळं. आम्ही प्रत्येक मुख्य पात्रासाठी दोन-तीन पर्याय तयार करून लूक टेस्ट (वेश-मेकअपमधली चाचणी) आणि मॉक शूट (नमुन्याचं चित्रीकरण) चॅनेलकडे पाठवतो. शेवटचा शिक्का चॅनेलचा. नायिकेला महिन्याचे 20-22 दिवस द्यावे लागतात, त्यामुळे "नाटकाचे प्रयोग चालू आहेत" म्हटलं की तिथेच गाडी अडते. तुमच्या मित्राची बँकेची नोकरी हे त्याच्या अभिनयापेक्षा मोठं कारण असू शकतं. एका दिवसाच्या हवालदारासाठी तो रजा टाकू शकतो, दीर्घ रोलसाठी नाही, हे समन्वय बघणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून त्याला विचारतच नाहीत.

आणि हो, हल्ली "इन्स्टावर फॉलोअर्स किती" हेही विचारतात. मला ते आवडत नाही. पण विचारतात.

कोलशेतकर

बँकेचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. त्याला विचारलं. म्हणाला, प्रत्येक फॉर्मवर "नोकरी: पूर्णवेळ" असं तो प्रामाणिकपणे लिहितो.

एपिसोड नंबर अमुक

मग उत्तर मिळालं की. खोटं लिहू नका, पण महिन्याला किती दिवस मोकळे आणि किती आधी सांगावं लागेल, हे बरोबर लिहा. समोरच्याला नियोजन करता आलं की तो विचार तरी करतो. आणि पैसे साधारण 90 दिवसांनी येतात, तेव्हा नोकरी सोडायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

निशिगंधा

पडद्यामागचे, कास्टिंग करणाऱ्यांचं नाव तरी कुठे येतं? श्रेयनामावलीत शोधावं लागतं.

पडद्यामागचा

आता येतं. तिग्मांशू धूलियांनी 'बँडिट क्वीन'चं कास्टिंग केलं तेव्हा हिंदीत हे वेगळं काम आहे हेच फारसं कुणी मानत नव्हतं, सहायक दिग्दर्शक जमेल तसं करायचे. मुकेश छाब्रांच्या पिढीने त्याचा पेशा केला. बाहेरही फार आधी झालेलं नाही. ऑस्करने कास्टिंगसाठी स्वतंत्र पुरस्काराची घोषणा केली ती 2024 साली, 2025 च्या सिनेमांपासून. संकलन, वेशभूषा, रंगभूषा सगळ्यांना बक्षीस, आणि पडद्यावर दिसणारी माणसं शोधणाऱ्याला इतकी वर्षं काही नाही.

पण नाव येऊ लागलं तसा या नावावर धंदाही वाढला. कास्टिंग डायरेक्टर म्हणवून घ्यायला कुठलीही सनद लागत नाही. म्हणून नव्या मुलांना एकच सांगतो. ऑडिशनचे, नोंदणीचे, "कार्ड"चे, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ"चे पैसे मागितले की उठून चालू पडा. कास्टिंगवाल्याला पैसे निर्मात्याकडून मिळतात.

नेरूळची आई

हे वाचून खाते उघडलं. माझी मुलगी आठ वर्षांची. सीवूड्सच्या मॉलमध्ये एका माणसाने "चेहरा फोटोजेनिक आहे" म्हणून माझा नंबर घेतला. मोठ्या सिनेमात नायिकेच्या लहानपणीचा रोल आहे म्हणे. आता नोंदणी आणि फोटोशूटचे मिळून चांगलीच रक्कम मागतोय, आजच भरा म्हणतो. नवऱ्याला शंका येतेय, सासूबाई मात्र शेजारणीला सांगूनही आल्या. काय करू?

पडद्यामागचा

ताई, एक रुपयाही देऊ नका. "आजच" हा शब्दच पुरेसा आहे.

खरी निर्मितीसंस्था असेल तर तिला लहान मुलांबाबतचे नियम माहीत असतात, कारण ते पाळावे लागतात. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. त्याप्रमाणे मुलाला दिवसात 5 तासांहून जास्त काम देता येत नाही, सलग 3 तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही. जिथे शूटिंग, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणजे ठाण्यात किंवा नवी मुंबईच्या नेरूळ-वाशी भागात शूटिंग असेल तर ठाणे जिल्हाधिकारी कार्यालय, पनवेलकडे असेल तर रायगड. मुलाच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायची. सलग 27 दिवसांहून जास्त काम नाही, आणि शाळा बुडू द्यायची नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमलेला हवा.

त्या माणसाला फोन करून शांतपणे तीन गोष्टी विचारा. निर्मितीसंस्थेचं नाव आणि पत्ता काय? परवानगीचा अर्ज कोण करणार? मुदत ठेव कुठल्या बँकेत काढता? उत्तर लेखी मागा. संस्थेच्या ऑफिसला स्वतः फोन करून "या सिनेमाचं कास्टिंग कोण करतंय" हेही विचारा, नंबर त्याने दिलेला नको, तुम्ही शोधलेला.

मेधा_ठाणे

आणि ताई, उद्या खरी ऑडिशन आली तरी मुलीला "तू निवडली गेलीस" असं आधी सांगू नका. शेजारणीलाही नको.

पळसधरी लोकल

अवांतर: कोलशेतकर, तुमच्या मित्राच्या सेल्फ टेपला क्यू द्यायला माणूस लागत असेल तर मी ठाण्यातच ब्रह्मांडला राहतो. शनिवारी मोकळा असतो. फक्त रेकॉर्डिंग सकाळी करा, संध्याकाळी खालच्या मैदानावर ढोल-ताशाचा सराव असतो.

कोलशेतकर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तो म्हणतोय क्यू देणारा "जरा कमी" असावा.

नेरूळची आई

केला फोन. संस्थेचं नाव सांगितलं नाही, "मॅडम, ते गोपनीय असतं" म्हणाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचं विचारलं तर म्हणाला ती फक्त जाहिरातींना लागते. मुदत ठेव कुठल्या बँकेत काढता विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसला, आणि मग मला म्हणाला, "तुमच्या मुलीचा चेहरा तसा या रोलला फिट बसत नाही."

सासूबाईंना सांगितलं. त्या आता शेजारणीला सांगतायत की आपणच नकार दिला, शाळा बुडते म्हणून.